मासोळीभाऊंचा कोपरा

मासोळीभाऊंना वाईट बातमी वाईट आवाजात सांगताच यायची नाही. गाडीचं टायर बसलं तरी ते लग्न ठरल्यासारखं जाहीर करायचे. "उतरा बाप्पा समदे, टायर गेलं, पन जागा झकास भेटली," असं म्हणत सगळ्यांच्या आधी स्वतःच खाली उडी मारायचे. जागा झकास म्हणजे काय, तर रस्त्याला लागून तलाव. ड्रायव्हर नानाजी जॅक घेऊन गाडीखाली शिरायचे, प्रवासी कपाळाला आठ्या घालून उन्हात उभे राहायचे आणि आमचे कंडक्टर तिकिटाचं मशीन पोटाशी धरून तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढायचे. आमच्या भागात जवळपास तलाव नाही अशी जागा मुद्दाम शोधावी लागते. त्यामुळे मासोळीभाऊंना गैरसोयीची जागा अशी कधी भेटलीच नाही.

मी तेव्हा मूलला राहत होते आणि सावलीच्या पुढच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. माझं माहेर राजुऱ्याकडचं, कोळशाच्या धुळीतलं, आणि आमच्या घरात सगळ्यांचाच स्वभाव तिखट. माशांचं माझं ज्ञान ताटापुरतं, पण त्या ताटापुरतं मात्र पक्कं. सिंदेवाहीहून मूलमार्गे सावलीकडे जाणारी सकाळची गाडी माझी रोजची झाली. पहिल्याच आठवड्यात जागा मिळाली ती कंडक्टरच्या सीटशेजारी, आणि सीटखाली ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या गंजातून, म्हणजे मोठ्या पातेल्यातून, पाणी उसळून माझ्या इस्त्रीच्या साडीवर आलं. गंजाच्या तोंडाला ओला दुपट्टा बांधलेला होता आणि तो दुपट्टा आतून हलत होता.

मी तडकून विचारलं, यात काय आहे? भाऊ खाली वाकले, दुपट्ट्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, नवी सूनबाई हाये. पयल्यांदाच गाडीत बसली, म्हणून घाबरून राह्यली." सगळी गाडी हसली. मी हसले नाही. डेपोत तक्रार करीन म्हणाले. तर त्यांचा चेहरा उलट खुलला. करा ना, म्हणाले, साहेबांनी अजून पाहिली नाही, त्या निमित्तानं पाहतील. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी साडी झटकली आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं. थोड्या वेळानं कुतूहल आवरेना म्हणून दुपट्ट्याचं टोक उचलून पाहिलं. आत मरळ होती. काळपट हिरवी पाठ, सापासारखं चपटं डोकं, आणि माझ्याकडेच रोखलेले दोन डोळे. माझ्या मनात पहिला विचार रश्श्याचा आला, हे खोटं कशाला सांगू.

हजेरीपटावर त्यांचं काही वेगळं नाव असेल. गाडीत मात्र शाळकरी मुलींपासून आठवडी बाजाराला निघालेल्या बायांपर्यंत सगळे त्यांना मासोळीभाऊच म्हणायचे. त्यांची एक सवय साऱ्या रस्त्याला ठाऊक होती. तलाव आला की मशीन थांबायचं. कोणाचे सुटे पैसे हातात असोत, कोणी पास दाखवत असो, भाऊ दारातून बाहेर झुकून पाण्याकडे बघायचे. मरळ इतर माशांसारखी नुसत्या पाण्यावर जगत नाही. श्वास घ्यायला तिला वर यावं लागतं. ओठांनी पाणी फोडते, हवा घेते आणि बुडते. मागे पाण्यावर एक वर्तुळ उरतं. बेडकानं उठवलेलं वर्तुळ निराळं, बदकानं उठवलेलं निराळं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. वर्तुळ दिसलं की ते टपावर थाप मारून ओरडायचे, "हाये, जित्ता हाये." नाही दिसलं तर त्या तलावाला ते नुसतं 'पानी' म्हणायचे. पुढे पुढे असं झालं की तलाव जवळ आला की अर्धी गाडी आपोआप डावीकडे कलायची आणि नानाजी स्टेअरिंगवरून सगळ्यांना शिव्या घालायचे.

पण हे वेड त्यांना जन्मापासून नव्हतं. ते लागलं त्याची हकीकत त्यांनी मला सावलीच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. त्यांचं गाव कवठटोला, याच रस्त्यावरचं. गावाला लागूनच मामा तलाव. मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार, गेले, तलाव माजी मालगुजारी, म्हणजे मा. मा., झाले, तेव्हापासून आमच्याकडे सगळे त्यांना मामा म्हणतात. या मामा तलावात पूर्वी मरळ, मागूर, शिंगी, वांब आणि नावं न ठेवलेले कितीतरी बारके मासे होते. भाऊ नोकरीला लागायच्या आधी गावातल्या तरुण मंडळाचे म्होरके होते. कुठल्याशा शिबिरात त्यांना कोणीतरी सांगितलं की हे गावठी मासे तलावातलं तण आहे. कटला-रोहूचं बीज टाकायचं तर आधी ते काढायला हवं. धान पिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट चटकन पटली. बांधी निंदून, म्हणजे शेतातलं तण काढून, घेतल्याशिवाय धान होत नाही, मग तलावही निंदून घेऊ.

मग उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा मोहाची ढेप आणली. मोहाच्या टोळीतून, म्हणजे बियांतून, तेल काढल्यावर जी ढेप उरते ती पाण्यात कालवली की मासे गुदमरतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. डोंग्यात, त्या छोट्या लाकडी होडीत, पुढे बसून भाऊंनी स्वतःच्या हातांनी ती तलावभर शिंपडली. दुपारपर्यंत पाणी पांढऱ्या पोटांनी भरून गेलं. कोणाला वाईट वाटलं नाही, उलट जत्रा भरली. घरोघरी टोपलीभर मासोळी गेली, पाहुण्यांना निरोप गेले, भाऊंना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी राहिलं. पुढच्या वर्षी कटला पोसला. हातभर कटला पाहून गाव खूश, मंडळ खूश, भाऊ तर विचारूच नका.

त्यानंतर त्यांना पहिली मुलगी झाली. बाळंतपण जड गेलं होतं. आमच्याकडे बाळंतिणीला मरळेचा रस्सा देतात, अंगात ताकद भरते म्हणतात. सुईणीनं मागितला तसे भाऊ गळ घेऊन ऐटीत तलावावर गेले. लहानपणापासून ज्या दगडावर बसून मरळ काढली त्याच दगडावर बसले. सकाळ गेली, दुपार गेली, दुसरा दिवसही गेला. पाण्यावर एक वर्तुळ उठलं नाही. शेवटी कटल्याचा तुकडा घेऊन घरी आले. हे सांगतानाही आवाज तसाच खणखणीत होता, पण चहा निवून गेला तरी त्यांनी कप उचलला नव्हता. "मॅडम, मी गवत नाई काढलं," ते म्हणाले, "मी धानच उपटून टाकला."

तेव्हापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: कवठटोल्याच्या तलावात मरळ पुन्हा व्याली पाहिजे. नुसती आणून सोडलेली नको. तिथेच जोडी जमलेली, तिथेच पिल्लं झालेली हवी. कंडक्टरची नोकरी त्यांना जणू यासाठीच लागली होती. सिंदेवाहीच्या बाजूला काही तलाव अजून कोणी निंदले नव्हते. तिथल्या ओळखीच्या लोकांकडून ते मरळेची जोडी मिळवायचे आणि सकाळच्या गाडीनं गावी न्यायचे. मरळ ओल्या फडक्याखालीसुद्धा तग धरते, तिला घोटभर पाणी आणि श्वासापुरती हवा पुरे. त्यांची बायको शालूबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "पोरीले कधी डाक्टरकडे एवढं जपून नेलं नाई या मानसानं." गंज मांडीवर घेऊन ते खड्ड्याखड्ड्याला नानाजींना हळू चालवायला सांगायचे आणि नानाजी मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचे.

पहिली जोडी गावातल्याच एका पोरानं आठवड्याच्या आत गळाला लावली आणि मोठ्या कौतुकानं भाऊंच्याच घरी नेऊन दिली. भाऊ, तुम्हाला आवडते ना? त्याला काय बोलणार? दुसऱ्या खेपेच्या जोड्या कुठे गेल्या कळलंच नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की तलावच बोडका झालाय. मरळ काठच्या उथळ पाण्यात, गवत-वेलींच्या आडोशाला जागा साफ करून अंडी घालते. इथे तर जाळं अडकू नये म्हणून तळाची सगळी वनस्पती काढून टाकलेली, आणि काठाला उगवली होती फक्त बेशरमाची झुडपं. ती बेशरम पाहून भाऊ म्हणायचे की आमच्या अकलेचं झाड आहे हे, उपटलं तरी मरत नाही.

मग गाडीत मरळेबरोबर चिखल येऊ लागला. कमळाचे कंद, शिंगाड्याच्या वेली, पाण्याखालच्या गवताचे जुडगे, सगळं ओल्या पोत्यात बांधून. प्रवाशांच्या शेळ्या-कोंबड्यांना कधी नाक न मुरडणारे नानाजी या पोत्यांवर मात्र संतापायचे. मी त्यांच्या बाजूनं होते, कारण माझी डबा ठेवायची जागा गेली होती. शिवाय भाऊंनी माझ्याकडून एक वचन घेतलं होतं, ते मला जड जात होतं. पावसाळ्यात मूलच्या बाजारात अंड्यावर आलेली मासोळी यायची आणि तळलेली अंडी म्हणजे माझा जीव की प्राण. ती घ्यायची नाही, असं त्यांनी भर गाडीत, साऱ्यांच्या साक्षीनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी दोन पावसाळे चरफडत वांगी खाल्ली.

हे सगळं एकट्यानं चालण्यासारखं नव्हतं, कारण तलाव एकट्याचा नव्हता. मासेमारीचा हक्क गावातल्या ढिवर समाजाच्या सोसायटीकडे होता आणि सोसायटीचे अध्यक्ष होते दशरथभाऊ. मोजकं बोलणारा, खांद्यावर कायम जाळं असलेला माणूस. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं: आम्ही तलावात बोटुकली सोडतो, म्हणजे बोटाएवढी कटल्या-रोहूची पिल्लं, आणि मरळ ती खाते. ज्यांची चूल या तलावावर पेटते त्यांनी हा चोर घरात का घ्यावा? मला हे पटायचं, आणि भाऊंचंही पटायचं. मला पंच म्हणून बसवलं असतं तर मी दोघांनाही जेवायला घालून परत पाठवलं असतं.

तरी एका रविवारी भाऊ मला सोसायटीच्या बैठकीला घेऊन गेले. विज्ञान कळणाऱ्या मॅडम म्हणून माझी ओळख करून दिली. मी मराठी शिकवते हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर त्यांनी पुढचं भाषण सुरू केलं होतं. पिंपळाखाली सतरंजीवर सगळे बसले होते. भाऊंचा उत्साह असा की दर वाक्याला त्यांचा हात शेजाऱ्याच्या गुडघ्यावर आपटत होता. दशरथभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "भाऊ, तुमी धानवाले. बांधीत धान पेरता अन् मंग त्यात गाय सोडता का?"

लोक हसले. दशरथभाऊंनी मग न हसता पुढचं विचारलं, "अन् ढेप कोनी टाकली होती?"

हसणं थांबलं. भाऊ सतरंजीवरून उठून उभे राहिले. "मी टाकली," ते म्हणाले. "माह्या हातानं टाकली. म्हणून तं मीच आनून राह्यलो, दशरथभाऊ. दुसऱ्या कोनाले सांगू?"

मग दशरथभाऊंनी जे सांगितलं ते तोडग्यासारखं होतं आणि परीक्षेसारखंही. सांडव्याकडचा कोपरा जुन्या खोडांनी भरलेला आहे, तिथे जाळी तशीही फाटतात. तो कोपरा भाऊंना दिला, त्यांनी खुंट ठोकून आखून घ्यावा. तिथे कोणी जाळं टाकणार नाही, गळ टाकणार नाही. सोसायटी बोटुकली थोडी मोठी करून सोडील, म्हणजे मरळेच्या तोंडात सहज मावणार नाहीत. पण ही सवलत भाऊंच्या रिटायरमेंटपर्यंत. तोवर कोपऱ्यात मरळेची पिल्लं दिसली तर पुढचं बघू. नाही दिसली तर खुंट काढायचे, कोपरा पुन्हा सोसायटीचा, आणि गाडीतून मासे आणणं कायमचं बंद. भाऊंनी लगेच हो म्हटलं. घरी जाताना मी म्हटलं, भाऊ, घाई केलीत. ते म्हणाले की मॅडम, आजवर कोपराही नव्हता.

दुसऱ्याच दिवशी भाऊ, शालूबाई आणि गावातल्या बुद्धविहारातली चार-पाच मंडळी कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि बांबूचे खुंट ठोकून कोपरा आखून घेतला. कमळ लावलं, शिंगाडा लावला, पाण्याखालचं गवत ओल्या मातीच्या गोळ्यात धरून एकेक करून तळाशी रोवलं, अगदी धानाची रोवणी करावी तसं. या कामात वाकून वाकून भाऊंची कंबर अशी धरली की गाडीत ते आठवडाभर उभ्यानंच झोपायचे.

पहिल्याच उन्हाळ्यात तलाव पार आटला. कोपऱ्यात गुडघाभर गाळ उरला. मरळ गाळात तग धरते, पण तिथे बगळे आणि म्हशी आधी पोहोचतात. भाऊंनी सगळ्या जोड्या गाळातून हातांनी काढल्या आणि पाऊस पडेपर्यंत गावातल्या विहिरींत पाहुण्या म्हणून ठेवल्या. सगळ्यात मोठी जोडी विहाराच्या विहिरीत. नेमकी बुद्धपौर्णिमा आलेली. वंदनेला जमलेली सगळी माणसं आधी त्रिशरण, मग खीर आणि मग विहिरीच्या काठाला रांग. पोरं, बाया, म्हातारे वाकून वर्तुळ उठायची वाट बघत होते. वर्तुळ उठलं की सगळे एकदम ओरडायचे आणि विहीर तो ओरडा परत वर पाठवायची. मी त्या दिवशी मूलहून खास गेले होते. एका माशासाठी एवढी माणसं इतकी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती, आणि त्यात मीही होते, याचं मला घरी येईपर्यंत नवल वाटत राहिलं.

पाऊस झाला, जोड्या परत कोपऱ्यात गेल्या. त्या पावसाळ्यात काही दिसलं नाही. पुढच्याही नाही. कमळ मात्र फोफावलं. बारके गावठी मासे कुठून कुठून सांडव्यानं चढून आले. भाऊ त्यांचीही बातमी गाडीत सांगायचे, पण शेवटी "मरळ बाकी हाये" हे जोडायचेच. रिटायरमेंट त्याच्या पुढच्या श्रावणात होती. आषाढ संपला तेव्हा मी पाण्याकडे पाहायचंच सोडून दिलं. माझ्यानं पाहवेना. भाऊ रोज दारातून झुकत होते. एकदा मी चिडून म्हटलं, आता पुरे करा ना, स्वतःला किती छळाल? तर मला म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्साची सवय हाये. न पाह्यलं तं मान दुखते."

शेवटच्या ड्यूटीच्या दिवशी गाडी भरलेली होती. नानाजींनी काचेला झेंडूची माळ लावली होती. सगळ्यांनी मिळून भाऊंसाठी शाल घेतली होती आणि ती सावलीच्या स्टँडवर द्यायची होती. कवठटोल्याच्या अलीकडे गाडीनं करकचून ब्रेक लावला. रस्त्याच्या मधोमध दशरथभाऊ उभे होते, छातीपर्यंत भिजलेले, दोन्ही हात वर. खांद्यावर जाळं नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला वाटलं, कोणाचं तरी बरंवाईट झालं.

"भाऊ, उतर," एवढंच ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते मासोळीभाऊंना अरेतुरे बोलले होते.

भाऊ उतरले, त्यांच्या मागे आम्ही सगळे. पाळीवरून कोपऱ्यापर्यंत चिखलातून पळत गेलो. चपला कोणाच्या कुठे राहिल्या कोण जाणे. दशरथभाऊंनी कमळाच्या पानांमधल्या मोकळ्या पाण्याकडे बोट केलं. आधी काहीच दिसलं नाही. मग पाणी एका जागी उकळल्यासारखं झालं आणि त्यातून लाल रंग वर आला. मिरची कुटून टाकावी तसा लालभडक घोळका, हजारो बारकी पिल्लं, सगळी एकदम श्वास घ्यायला वर आलेली. ती बुडाली, हातभर सरकली, पुन्हा वर आली. त्यांच्या खालून एक काळी लांब सावली फिरत होती आणि बाजूला दुसरी. आई आणि बाप दोघेही पिल्लांवर पहारा देत होते.

भाऊ असे काही ओरडले की पानांवरचे बगळे उडाले आणि घोळका खोल बुडाला. दशरथभाऊंनी त्यांना दटावलं, हळू, पिल्लांची माय घाबरते. मग स्वतःच पुढे होऊन त्यांना मिठी मारली. दोघांच्या मध्ये सापडलेलं मशीन टरटर तिकिटं काढत सुटलं आणि ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही. पहाटे जाळं घेऊन आलेल्या दशरथभाऊंना तो लाल घोळका दिसला होता. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. अजून एक दिवस ढकलला की कोपरा सोसायटीचाच होता. हे पाळीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. दशरथभाऊ पहाटेपासून पाण्यात उभं राहून बगळे हाकत होते. शाल आम्ही तिथेच पांघरली, पण दशरथभाऊंना. भाऊंनीच घातली.

गाडी तासभर उशिरा सावलीला पोहोचली. शाळेत उशिराचं कारण विचारलं तेव्हा मी मरळ व्याली म्हणून सांगितलं, आणि मुख्याध्यापकांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. त्यांचं गाव पलीकडचंच.

निवृत्त झाल्यावर भाऊ घरी बसले असतील असं कोणी समजू नये. आता गंज घेऊन ते प्रवासी म्हणून गाडीत चढायचे आणि नव्या कंडक्टरला मरळेचा श्वास समजावून सांगायचे. कोपरा सोसायटीनं तसाच राहू दिला होता आणि आपल्या तलावातल्या जोड्या आता ते दुसऱ्या गावांना देत होते. माझी बदली राजुऱ्याकडे झाली. अधूनमधून फोन यायचा. हॅलो नाही, नमस्कार नाही, थेट "मॅडम, मागूर आली" किंवा "मॅडम, शिंगी दिसली." मी वर्गात असले तरी उचलायची.

गेल्या पावसाळ्यात फोन आला तो शालूबाईंचा. भाऊ सकाळी कोपऱ्यावरून परत आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेले. एवढा मोठा आवाज एकदम बंद कसा होतो, हेच मला समजत नव्हतं. इतकं रडू मला माझ्या सख्ख्या काकांच्या वेळीही आलं नव्हतं.

जलदान विधीला मी कवठटोल्याला गेले. विहारात माणसं मावत नव्हती. कितीतरी गावांहून लोक आले होते, सकाळच्या गाडीतले जुने प्रवासी होते, नानाजी काठी टेकत आले होते. भंतेजींनी विधी केला, शालूबाईंनी भरल्या ताटात पाणी सोडलं. लोकांमध्ये दशरथभाऊ कुठे दिसले नाहीत. सोसायटीचंही कोणी नव्हतं. मला ते खटकलं. जेवणाआधी मी एकटीच पाळीवर गेले, आणि तिथून कोपऱ्याकडे पाहिलं तर अंगाची आग झाली. दशरथभाऊ आणि सोसायटीची सगळी मंडळी पाण्यात उतरून भाऊंनी ठोकलेले बांबूचे खुंट उपटत होती.

मी पाळीवरूनच बोलायला सुरुवात केली, आणि माझं तोंड सुटलं की मला आवरत नाही. निदान आजचा दिवस तरी थांबायचं होतं, म्हटलं. तिकडे त्यांच्या नावानं पाणी सोडून राहिलेत आणि इकडे तुम्ही त्यांचा कोपरा मोडताय, लाज वाटत नाही का? आणखीही पुष्कळ म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. पाण्यातली माणसं खाली मान घालून उभी राहिली. दशरथभाऊंनी मला संपवू दिलं.

मग हातातला खुंट खांद्यावर घेऊन ते छातीभर पाण्यातून चालत दूर गेले, कोपऱ्याच्या रेषेपासून कितीतरी पुढे, तलावाच्या पार मध्यापर्यंत. तिथे खुंट पाण्यात उभा धरून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"मोडून नाई राह्यलो, मॅडम," ते म्हणाले. "सरकवून राह्यलो. आता अर्धा तलाव मरळेचा. काल समद्यांनी ठरवलं." मग खुंट गाळात दाबत म्हणाले, "जेवाच्या आधी करावं म्हटलं. हात कमी पडून राह्यले."

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि खुंट धरायला पाण्यात उतरले.